केसिंगच्या आत केसिंग

पेन्शन उशिरा येते, किस्से मात्र न बोलावता येतात. शिरूरच्या बाजूला एका पाणीपुरवठा ऑफिसात मी क्लार्क म्हणून आयुष्य काढलं. तिथं दोन गोष्टी आपोआप साचायच्या: पाइपात गंज आणि डोक्यात किस्से. हे सगळे एकाच बोअरचे.

•

कवठे येमाईच्या वाटेवर एक वस्ती. तिला पिण्याच्या पाण्याचा एवढा एकच बोअर. माती आत ढासळू नये म्हणून घातलेलं लोखंडी केसिंग गंजलं आणि पाणी तांबडं यायला लागलं. वस्तीवरच्या इंदूमावशी भरलेला हंडा घेऊन थेट ऑफिसात आल्या.

आमचे साहेब म्हणाले, "मावशी, ते लोह आहे. रक्तवाढीला चांगलं असतं."

मावशींनी साहेबांचा ग्लास उचलला, त्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि हंड्यातून भरून पुढं केला. "घ्या. लय फिकट दिसताय!"

दुरुस्तीची फाइल त्याच दिवशी हलली.

•

भोक कुठं आहे ते बघायला पुण्याहून कॅमेरा आणला. केबलला लावून बोअरमध्ये सोडला, स्क्रीन देवळाच्या ओट्यावर मांडला. वस्ती त्याला सोनोग्राफीच म्हणत होती. आधी गंजाच्या खपल्या दिसल्या, मग भोक, आणि त्यातून आत झिरपणारी गटाराची काळी धार.

"ह्ये पितोय व्हय आपण?" कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात कॅमेरा तिथंच अडकला. बॅटरी संपेपर्यंत वस्ती तेच भोक बघत बसली. साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, "पाहणी अखंड सुरू आहे."

•

कामाच्या उद्घाटनाला पुढारी आले. आमच्याकडं नारळ फुटल्याशिवाय पाना-पकडीला हात लावत नाहीत.

"दगड हाय की हितं," बबन मिस्त्री म्हणाला.

पण फोटो बोअरसकट हवा होता. पुढाऱ्यांनी नारळ केसिंगच्या काठावरच हाणला. काठ मोडून आत पडला. नारळ शाबूत! कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नारळ परत गाडीत ठेवला.

•

दुरुस्ती म्हणजे जुन्या केसिंगच्या आत बारीक पीव्हीसी पाइप सोडायचा आणि मधली फट सिमेंटनं बुजवायची. बबननं काम चोख केलं. अडकलेला कॅमेरासुद्धा ढकलून तळाला पोचवला. मग बाहेर काढून ठेवलेली मोटार सोडायला घेतली, तर ती पाइपाच्या तोंडावरच बसली. मोटार जाड, पाइप बारीक.

"साहेब, हे आधी कुणी मोजलं नाही?" मी विचारलं.

"भाऊसाहेब, केसिंग आपल्या शाखेकडं. मोटार दौंडच्या शाखेकडं. दुसऱ्यांच्या मोटारीला आपण टेप कशाला लावायची?"

दौंडला कळवलं. उत्तर आलं: "मोटार सुस्थितीत आहे. पाइप रुंद करून घ्यावा."

•

उन्हाळा चढला. वस्ती टँकरवर आली, आणि टँकर त्याच्या मर्जीवर. अशात वरिष्ठांची पाहणी ठरली. नवं केसिंग धुऊन दाखवायचं होतं, त्याला पाणी हवं. पाहणीच्या दिवशीच टँकर आला. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी टँकरचा पाइप बोअरमध्ये सोडायला लावला.

"अवो साहेब, प्यायचं पाणी हाय त्ये!" इंदूमावशी ओरडल्या.

"कुठं जात नाही, मावशी. तुमच्याच बोअरमध्ये चाललंय."

टँकर रिकामा झाला. वरिष्ठांनी आत बॅटरी मारली, खाली पाणी चमकलं. "छान," म्हणाले आणि गाडीत बसले.

हंडे तसेच रिकामे. मावशी बोअरपाशी आल्या. हंड्यावरचा पेला काढून त्यांनी पाइपाच्या तोंडात धरून पाहिला. अलगद आत गेला.

"साहेब, पेला जातोय. आता दोर तेवढा मंजूर करा."

साहेब माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, दोर कुठल्या शाखेकडं येतो हो?"