परवडत न्हाई

"खाल्लं का, असं इचारू नगा. काय खाल्लं, ते इचारा," पाहणीच्या कामावर आलेल्या नव्या पोरींना आमच्या मावशी बजावायच्या. स्वतः तर चप्पल दाराबाहेर काढून थेट चुलीपाशी बसायच्या आणि बोलता बोलता भांड्यात डोकवायच्या. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल.

लोकांना सकस आहार परवडतो का, याची पाहणी आमच्या सांगलीच्या कचेरीनं हाती घेतली होती. मावशी घरोघर फिरून फॉर्म भरायच्या, मी ते संगणकावर चढवायचो. दूध, अंडी, डाळ, फळं. 'खात नाही' म्हटलं की पुढे कारण: आवड नाही, सवय नाही, मिळत नाही. 'परवडत नाही' हा पर्यायच नव्हता! मावशी तिन्ही चौकोन मोकळे सोडून समासात लिहायच्या, 'परवडत न्हाई.'

रिकामा चौकोन संगणक घेत नसे. मी 'आवड नाही' दाबायचो आणि मावशींचं वाक्य शेऱ्यात टाकायचो.

तासगावात दिवसभर शेडवर बेदाणा निवडणारी एक पोटुशी बाई त्यांना भेटली. आठवड्यात एकही फळ नाही.

"आन् दूध?"

"लेकीपुरतं घेतो. मला कुठलं?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी तो फॉर्म माझ्या टेबलावर आपटला. "दादा, हिची आवड इचारताय व्हय तुमी?"

पुढे बैठकीत साहेबांनी निष्कर्ष वाचला: लोकांना फळांची आवड कमी, जनजागृती हवी. मागच्या रांगेतून मावशी उठल्या.

"आवं साहेब, त्या बाईला डाळिंबाचं गुण तोंडपाठ हायती. मजुरी पुरत न्हाई. त्ये लिवा की!"

"ते आपल्या कक्षेत येत नाही."

"मग कुणाच्या येतंय? तिच्या पोटातल्या लेकराच्या?"

साहेबांनी पान उलटून पुढचा निष्कर्ष वाचायला घेतला. 'आवड नाही'चं बटण तर माझ्याच बोटानं दाबलं होतं.

पुढच्या फेरीतून मावशींचं नाव गाळलं. साहेबांनी मला शेरे पुसायला सांगितले. नोकरी जाईल, या भीतीनं मी पुसले.

ओळखपत्र परत करायला मावशी आल्या, तेव्हा मी सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या घालतील.

"समदं पुसलं?"

"सगळं."

"त्या तासगावच्या बाईचं बी?"

मी होकारार्थी मान हलवली. ओळखपत्र टेबलावर ठेवून त्या माझ्याकडे न बघता जिना उतरून गेल्या. पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

अहवाल मात्र छापून आला. गुळगुळीत कागद, आणि मुखपृष्ठावर फळांनी भरलेली टोपली.