लाल रंगाभोवतीची रेघ

आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कातडीच्या विकाराने कुणी दगावलेलं नाही, आणि त्याचं सारं श्रेय आमच्या घरच्या मलमाला आहे. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या डाव्या पायाकडे पाहून डॉक्टर "सेल्युलायटिस" म्हणाले, तेव्हा लक्षात आलं की कातडीच्या विकाराने लोक सहसा दगावतच नाहीत. मी मात्र त्या वाटेवर बरीच पुढे आले होते.

सेल्युलायटिस म्हणजे फुटलेल्या कातडीतून जंतू आत शिरतात आणि खालच्या थरांत पसरतात. पाय लाल होतो, तापतो, सुजतो. मला दहा वर्षं मधुमेह आहे, म्हणून धोका जास्त.

सुरुवात नडगीवरच्या रुपयाएवढ्या खाजऱ्या चट्ट्याने झाली. आमचं मूळ काम कापड रंगवण्याचं. ते सुटलं, मलम राहिलं. कडुनिंबाचा पाला आणि हळद खोबरेल तेलात उकळायची, गाळायचं, सरगूर गावाहून आलेलं मधमाश्यांचं कच्चं मेण विरघळवायचं. हे माझी आत्या करते. ती एक्याऐंशीची, तरुणपणी रंगाच्या हंड्यांपाशी राबलेली.

ते लावल्यावर चार दिवसांनी चट्टा तळहाताएवढा झाला. आत्या म्हणाली, "अय्यो विजू, पहिल्या बुडीत रंग बसतो काय? स्वल्प आणखी एक हात दे."

रंगाऱ्यांचा हा नियमच आहे. कापडाला तो लागू पडतो. मी तीन हात दिले, वर फडकं बांधलं. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, तरी डब्यात नेमकं काय किती आहे हे विचारलं नाही. कातडी फुटून पाणी सुटलं. तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला, आणि मलमाच्या डब्यासकट मी दवाखान्यात दाखल झाले.

डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी निघाले. डबा उघडून वास घेतला आणि म्हणाले, "मिस, लेबल नसलेल्या बाटलीला हात लावला तर तुम्ही आम्हाला वर्गाबाहेर काढायचात."

मग त्यांनी काळं मार्कर घेऊन लालीच्या कडेने रेघ ओढली. "लाल या रेघेच्या आत राहिलं तर औषध लागू पडतंय. बाहेर गेलं तर सर्जनना बोलवावं लागेल. पाय उघडावा लागेल."

सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. दर काही तासांनी नर्स येऊन रेघ बघे. संध्याकाळी लाली बोटभर बाहेर आली. डॉक्टरांनी दुसरी रेघ ओढली आणि या वेळी विनोद केला नाही. सकाळी सर्जन येऊन पाय दाबून बघून गेले, म्हणाले, "दुपारपर्यंत बघू. काही खायला देऊ नका." उपाशी का ठेवतात हे मला ठाऊक होतं.

अकराच्या सुमाराला आत्या आली. नर्सने दिवा लावला तर ओरडली, "बेडा, बेडा! नको तो दिवा. ट्यूबलाइटखाली लाल रंग बघायचा नसतो." पडदा सारून तिने माझा पाय खिडकीकडे वळवायला लावला. बराच वेळ वाकून पाहिलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. पायाकडे पाहायचा धीर नव्हता.

"मध्ये तसंच आहे. पण कड फिकी पडली बघ. ताजा रंग कडेला फिका नसतो. हा उतरायला लागलाय."

"नक्की?"

"मलमाचं चुकलं माझं. लाल रंगाचं नाही चुकायचं."

एक वाजता डॉक्टरही खिडकीच्या उजेडात वाकले. लाली दुसऱ्या रेघेच्या आत आली होती. मला इडली मिळाली.

ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांना एवढंच सांगते. नवं काहीही आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस बघा. लावल्यावर वाढलं तर थांबा, आणखी लावू नका. मधुमेह असेल तर पायावर प्रयोग नको. लाली पसरतेय आणि ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. महिन्याभराने माझी पॅच टेस्ट झाली. त्यात संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवतात. हळद, कडुनिंब निर्दोष सुटले. मला कच्च्या मेणाची ॲलर्जी होती. चट्टा वाढवणारं दुखणं कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे लागलेल्या वस्तूने उठणारा दाह. जंतू नंतर आले.

दवाखान्यातून मात्र आठव्या दिवशीच घरी सोडलं होतं. डॉक्टरांची, नर्सची आणि खिडकीची मी ऋणी आहे. लाल गेला होता, पण दोन काळ्या रेघा साबणाने हलत नव्हत्या. आत्याने त्यांवर अंगठा घासून पाहिला. इतका पक्का रंग तिने पूर्वी पाहिला नसावा. नर्सला तिने अदबीने विचारलं, "हा कशानं उतरतो, अम्मा?"

"खोबरेल तेल, अज्जी. नुसतं. त्यात काही घालू नका."

उतरला.