लाख न लावलेल्या चकत्या

आमची हिमानी बोलताना अडखळते. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. मान किंचित डावीकडे झुकते, डोळे मिटतात. मला तो शब्द आधीच दिसतो आणि मी तो बोलून टाकते. इथे बनारसला दूधविनायकच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, हिमानीला काही विचारायचं तर तिच्या आईकडे बघायचं. पण यंदा तिचं एम.एस्सी. संपेल. पुढे मुलाखती, नोकरी, परकी माणसं. तिथे ती एकटी कशी बोलणार, या विचाराने माझी झोप उडते.

हात मात्र तिचे विलक्षण स्थिर. तिचा धाकटा भाऊ देवव्रत पुण्याला शिकतो. तिथे तो मित्रांबरोबर टेबलावर जुन्या लढाया खेळतो. अंगठ्याच्या पेराएवढे शिशाचे सैनिक ती पोरं स्वतःच ओततात. पण पाय काडीसारखे. टेबल हललं की सगळी फौज आडवी. यंदा, शहाण्णवच्या दिवाळीत, तो डबाभर सैनिक घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, यांना लाकडाच्या गोल बैठका करून दे. आपल्याकडे एवढी खेळणी बनतात!"

खोजवा मोहल्ल्यात शिवरामचाचा खरादावर, लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकडी खेळणी कातून देतात. मी हिमानीला घेऊन गेले, बोलले मीच, आणि चार दिवसांनी बैठका घेऊन आलो. काय सुंदर होत्या! लाल, पिवळ्या, हिरव्या, कडा घोटलेल्या, लाखेने चकचकणाऱ्या. बनारसी खराद्याच्या हातून लाकूड कोरं सुटतच नाही. पण त्या गुळगुळीत लाखेवर ना सैनिक चिकटवायचा डिंक धरेना, ना जमीन दिसावी म्हणून पसरलेली वाळू. सैनिक घसरून पडू लागले.

देवव्रत पोट धरून हसला. "ही फौज की भातुकली? तलवारी काढून घे आणि हातात पळ्या दे."

हिमानीही हसली. मग डबा मिटून म्हणाली, "उ-उद्या जाते परत."

"दोघी जाऊ."

"न-नको. मी एकटी."

चाचांना खरादाच्या घरघरीने कमी ऐकू येतं, हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. नीट बोलणाऱ्यालाही ते दोन-तीनदा विचारतात. दुपारभर मी तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच पुन्हा निवडले.

दिवेलागणीला ती आली. केसांत लाकडाचा भुसा, हातात कागदी पुडा.

"काय म्हणाले गं?"

"म्हणाले, 'का कहत हऊ बिटिया, तनी जोर से बोला.' मी सांगितलं. परत तेच. प-परत सांगितलं. मग खराद बंद करून कान पुढे केला." तिला हसू आवरेना. "आई, मी अडखळले की त्यांना वाटायचं, आपल्यालाच ऐकू येत नाही. सारखं म्हणत होते, 'हमार कान खराब हौ, रिस मत करा.' रागावू नकोस म्हणे!"

"आणि लाखेचं?" देवव्रतने विचारलं.

"म्हणाले, 'बिना रंग के नंगा लागी!' मी म्हटलं, न-नंगा ही दो चाचा, कपड़ा हम पहनाएँगे."

पुड्यात कोऱ्या, सरळ कडेच्या चकत्या होत्या. बऱ्याचशा आठ आण्याच्या नाण्याएवढ्या, मोजक्या काही त्याहून मोठ्या. समोर बसून कातून घेतलेल्या. दोन दिवस ती त्यांना कपडे चढवत होती: डिंकाचा पातळ हात, रामघाटावरची चाळलेली वाळू, कुठे विटेचा चुरा, कुठे वाळलेल्या शेवाळाची चिमूट. मग एकेक सैनिक तिने श्वास रोखून उभा केला. देवव्रतने मुद्दाम टेबलाला गुडघा मारला. एकही पडला नाही.

"पण या मोजक्याच मोठ्या का?" त्याने विचारलं.

"त्या घ-घ..."

तिची मान झुकली, डोळे मिटले. शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी समोरच्या वाटीतली बडीशेप तोंडात टाकली आणि दात मिटून घेतले. देवव्रत माझ्याकडे बघत होता. मी त्याला डोळ्यांनीच तिच्याकडे बघायला सांगितलं.

"घोडेस्वारांना," हिमानी म्हणाली. "वळताना त्यांचा त-तोल जातो."