मनूचा डावा डोळा

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. देवापुढंसुद्धा नाही — तिथं हात जोडले की मी पोराच्या परीक्षेचं आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं बोलून घेते, घंटा वाजवते आणि निघते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मनूला ओळखत नाही, म्हणून. ओळखत असता तर सांगितलं नसतं. तेवढं मला माझं कळतं.

मनू म्हणजे मनीषा, माझी धाकटी बहीण. पाच वर्षांनी लहान. आम्ही मूळचे लातूरकडचे. अण्णांना चाकणला कंपनीत काम लागलं म्हणून कुरुळीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिथलेच झालो. शाळेच्या मैदानावर एक सर तिरंदाजी शिकवायचे. सर गावातलेच. थोडी शेती, बाकी कंपनीची शिफ्ट. त्यांची सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळचं मैदान माझ्या ताब्यात. मी तेरा वर्षांची, आणि काय तो माझा रुबाब! शिट्टी माझ्या गळ्यात. नवीन पोरं आली की त्यांचा डोळासुद्धा मीच बघायचे.

डोळा बघणं म्हणजे काय, ते सांगते. आपल्या दोन डोळ्यांतला एक मालक असतो, दुसरा त्याच्या मागं मागं चालतो. तो मालक कुठला, ते धनुष्य घ्यायच्या आधी बघावं लागतं. पोराला समोर उभं करायचं. त्यानं दोन्ही हात लांब करून पंजे जुळवायचे, मध्ये छोटंसं भोक ठेवायचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून माझ्या नाकाकडं बघायचं. भोकात मला त्याचा जो डोळा दिसेल, तो मालक. बहुतेकांचा हात उजवा तसा डोळाही उजवाच असतो. पण एखाद्याचं उलट निघतं. हात उजवा, डोळा डावा. अशा लहान पोराला सरळ डावं धनुष्य द्यायचं, डाव्या हातानं ओढायचं. महिन्या-दोन महिन्यांत हात वळतो. उजवंच दिलं तर नजर एकीकडं आणि बाण दुसरीकडं. कितीही नेम धरा, बाण डावीकडंच जाणार. आणि उजवं धनुष्य उलटं धरून भागत नाही, मूठच वेगळी असते.

हे सगळं मला तेव्हा पाठ होतं. पुढं मी काहीही म्हणाले तरी एवढं ध्यानात ठेवा.

माझं धनुष्य जुनं होतं, सरांनीच दिलेलं. मूठ तडकलेली, तिला चिकटपट्टी गुंडाळलेली. अण्णांनी कबूल केलं होतं की यंदा बोनस झाला की नवीन घेऊ. आणि नेमकं त्याच वर्षी मनूनं हट्ट धरला — मलापण. दोन धनुष्यं काही आमच्या घरात येणार नव्हती. मग अण्णांनी सरळ हिशेब मांडला. मनूचा डोळा उजवा निघाला तर नवीन मला, माझं जुनं तिला. डावा निघाला तर जुनं तिच्या काय कामाचं? मग नवीन डावं तिला आणायचं, मी अजून वर्षभर चिकटपट्टीवर काढायचं. तुझं चाललंय की सध्या, म्हणाले. लेकरू लहान हाय.

लेकरू लहान! हे मी जन्मभर ऐकत आले होते. मोठ्या बहिणींना विचारा, त्या सांगतील.

अण्णा म्हणाले, "तू बघून सांग. मला काय कळायलंय त्यातलं."

मी तिला शाळेच्या भिंतीपाशी उभं केलं. तिनं पंजे जुळवले. केसांना दोन लाल रिबिनी, पुढचे दोन दात पडलेले — आणि त्या भोकातून माझ्याकडं बघणारा तिचा डावा डोळा. स्वच्छ डावा. मी हात खाली घ्यायला लावले आणि पुन्हा बघितलं. तोच. ती हसत होती. तिला वाटत होतं हा खेळच आहे.

"उजवा," मी अण्णांना सांगितलं.

बघा. किती वळसे घेतले मी तुमच्यापुढं, आणि गोष्ट एका शब्दाची आहे.

तुम्ही म्हणाल, पोरच होतीस तूही, हाव सुटली, होतं असं. नका म्हणू. हावेपुरतंच असतं तर धनुष्य घरी आल्यावर मिटलं असतं ना? आलं की ते. खंडेनवमीला अण्णांच्या पान्यांशेजारी दोन्ही धनुष्यं मांडली, नवीन आणि जुनं. मनूनं त्या जुन्याला झेंडूची माळ घातली, तडकलेल्या मुठीवर हळदीकुंकू वाहिलं आणि डोकं टेकून नमस्कार केला. तेव्हा मला सांगता आलं असतं. नवीन धनुष्य आता माझं होतं, ते कोण काढून घेणार होतं? नाही सांगितलं. आणि का नाही, तेही मला माहीत होतं. डाव्या धनुष्यावर ती माझ्या पुढं जाईल अशी मला भीती होती. तिचा हात स्थिर होता. माझा तसा कधीच नव्हता.

मग सुरू झालं. मनूचे बाण डावीकडं. रोज. लक्ष्याच्या फळीला चाटून मागच्या गवतात. पोरगी गवतात बसून बाण शोधायची, अंधार पडायला लागायचा, आणि मी बाकीच्यांना सांगायचे, थांबा रे, आमच्या मॅडमची शेती चाललीय. सगळे हसायचे. ती पण हसायची. ताई हसली म्हणजे हसण्यासारखंच असेल!

सरांच्या ध्यानात आलं नाही असं नाही. एकदा त्यांनी विचारलं, हिचा डोळा बघितला होता का गं? मी म्हटलं, दोनदा बघितला सर, उजवाच आहे. हे अर्धं खरं होतं, दोनदा बघितलाच होता. सरांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, झाकू दी डावा डोळा, मग जाईल सरळ. आईनं काळ्या कापडाची पट्टी शिवून दिली.

आणि गेला की सरळ! पट्टी बांधून मनू फळीवर मारायला लागली. आधी कडेला, मग आत आत. आठवडाभरात सर तिच्या पाठीवर थाप मारायला लागले.

त्या आठवड्यात मी तिचं नाव काणी ठेवलं.

मोठ्यानं नाही. मी काही मूर्ख नव्हते. पाण्याच्या टाकीपाशी दोन पोरींना हळूच म्हटलं, आली बघा आमची काणी. बस. उरलेलं काम मैदानानं केलं. दोन दिवसांत ते शाळेत गेलं, चौथ्या दिवशी आमच्या चाळीत. दुकानात साखर आणायला गेली तर तिथली पोरं एक डोळा मिटून दाखवायची. घरी येऊन तिनं मलाच विचारलं, ताई, काणी म्हणजे वाईट असतं का? मी तिची वेणी घालत होते. म्हटलं, असू दे गं, लक्ष नको देऊ. आणि वेणी घट्ट ओढली. पट्टी दुसऱ्या दिवशीपासून दप्तरात गेली ती गेलीच. बाण पुन्हा गवतात.

अजून संपलेलं नाही. मला थांबावंसं वाटतंय, पण हे राहिलं तर बाकीचं सांगण्यात काय अर्थ आहे?

एका रविवारी सांगवीहून एक मुलगी सरावाला आली होती. डावखुरी. धनुष्य अर्थातच डावं. सर गेटबाहेर चहाला गेले, बाकीची पोरं वडापावच्या गाडीवर. ती मुलगी पाणी प्यायला गेली तेव्हा मनूनं तिला विचारून ते धनुष्य उचललं. उजव्या हातात धरलं, डाव्यानं ओढलं. मी फळीजवळच बाजूला उभी होते. म्हटलं, बघू तरी काय गंमत होते.

पहिला बाण पिवळ्यात, फळीच्या अगदी मधोमध. दुसरा त्याच्या शेजारी, पिवळ्यातच. तिसरा जरा बाहेर, लालमध्ये.

पट्टी नाही, काही नाही. दोन्ही डोळे टक्क उघडे. ती धनुष्य ठेवून माझ्याकडं पळत आली, आणि तिचा चेहरा — नाही, चेहऱ्याचं नाही सांगता येत मला.

"ताई, मला जमतंय! डावीकडून जमतंय!"

मी म्हणाले, "तू उजवी आहेस मनू. उजव्या माणसानं डाव्या हातानं मारलेले बाण धरत नाहीत. स्पर्धेत बाद करतात, नाव काढून टाकतात. सरांना कळलं तर उद्यापासून येऊ देणार नाहीत."

असा काही नियम नाही. कुठंच नाही. तिथल्या तिथं रचला मी तो, एका दमात. आणि सर यायच्या आत तिचे तिन्ही बाण उपटून त्या मुलीच्या भात्यात टाकले. मनूनं मान हलवली. आणि तिनं सरांना सांगितलं नाही. अण्णांना नाही, कुणालाच नाही. मीच सांगितलं होतं ना, तुझं नाव काढून टाकतील!

जिल्ह्याच्या निवडीत तिचं नाव आलं नाही. माझं आलं. पुढचा पावसाळा संपायच्या आत तिनं जुनं धनुष्य माळ्यावर टाकलं. अण्णा म्हणाले, हिच्याच्यानं व्हायचं नाही, नजर कच्ची आहे पोरीची. मी जेवत होते. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. हे खरं आहे, म्हणून सांगते.

मी राज्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. तेवढीच माझी झेप होती. आता चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. मनूचं लग्न लवकर झालं. कुरुळीतच राहते, नवरा चांगला आहे, मुलगी आठ वर्षांची, ईश्वरी. मनू स्कूटी शिकली नाही. नवऱ्यानं आणून ठेवली होती, ती परत विकली. माझी नजर बरोबर नाही म्हणते, कुणाच्या अंगावर घालीन. फाट्यावर शेअर रिक्षाची वाट बघत उन्हात उभी असते. मी कंपनीच्या बसमधून कधी कधी बघते तिला. हात करत नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ईश्वरीला तिरंदाजीला घातलंय, धनुष्य घ्यायचंय, तूच चल. नवऱ्याला तिनं सांगूनच टाकलं होतं, ताई म्हणेल ते घ्यायचं. पिंपरीत खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. मी ईश्वरीचा डोळा बघितला. उजवा. खरंच उजवा. तीनदा, चारदा बघितला. दुकानदार कंटाळला.

आणि मग मनूनं, आपलं सहज, गंमत म्हणून, स्वतःचे पंजे जुळवले. म्हणाली, माझा बघ बरं गं. आणि त्या भोकातून माझ्याकडं बघितलं. तोच डोळा. आता त्याच्या कडेला सुरकुती आहे.

मी काही बोलायच्या आत दुकानदारच म्हणाला की मॅडम, तुमचा डोळा डावा, तुम्हाला डावं धनुष्य लागलं असतं. उजव्यावर तुम्हाला जमलंच नसतं.

मनूनं हात खाली घेतले. माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही हो. संशयानं बघितलं असतं तर मी कदाचित...

"तेव्हा कुणाला माहीत होतं गं हे सगळं," मी म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली. आणि दुकानदाराला अभिमानानं सांगायला लागली की आमच्या वेळी कसलं काय, ही ताई होती म्हणून मी मैदान तरी बघितलं.

बाहेर आलो. ईश्वरी नवीन धनुष्य छातीशी धरून पुढं चालत होती. मनू मधेच थांबली. म्हणाली, एक विचारू का? कुणाला बोलले नाही कधी, वेड्यात काढतील म्हणून.

"ती सांगवीची मुलगी आली होती बघ. तिच्या धनुष्यानं मी तीन बाण मारले होते. तू होतीस तिथं. लागले होते ना गं ते? का मलाच उगाच वाटतं?"

तिथं दुसरं कुणी नव्हतं. इतक्या वर्षांनी तिला सांगू शकणारं माणूस मी एकटी.

"मला नाही बाई आठवत," मी म्हणाले.

ती म्हणाली, असेल, लहान होते मी. आणि पोरीचा हात धरून रस्ता ओलांडायला लागली.

लागले होते. दोन पिवळ्यात, एक लालमध्ये.