बिंदुमाधवाचा विलायती रेझर

बसवनगुडीत बिंदुमाधवाला ओळखणारे पुष्कळ होते, पण तो मागल्या पडवीत बसून काय करतो हे चारचौघांत कुणी विचारत नसे. पंडित हयवदनरावांचा मुलगा. तीनशे वर्षं बेंगळुरात मुरलेलं घराणं, घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या आणि पंचांग, आणि हा मुलगा विमानांच्या कारखान्यात लेथवर टर्नर. तेही लोकांनी गिळलं असतं, पगार चांगला होता. पण कारखान्यातून घरी आल्यावर हा माणूस बनवायचा काय, तर दाढी करायचे रेझर.

रेझर म्हटल्यावर बारा आण्याला मिळणारं पत्र्याचं यंत्र डोळ्यांपुढे आणू नका. बिंदुमाधव भरीव पितळ आणायचा. देश सोडून निघालेल्या एका इंग्रज घड्याळवाल्याकडून त्यानं पायानं चालवायचा छोटा लेथ घेतला होता. त्यावर मूठ कातायची, ती ओल्या हातातून निसटू नये म्हणून तिच्यावर बारीक दातेरी नक्षी उठवायची, पातं धरणारं डोकं कानशीनं घासून घासून आणायचं, आणि शेवटी सगळ्यावर चांदीचा मुलामा. एका रेझरला दोन-अडीच महिने सहज जात. आटे पाडायचं हत्यारसुद्धा त्यानं स्वतः घडवलेलं होतं, त्यामुळे त्याची मूठ दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या डोक्यात बसायची नाही. हा हट्टीपणा होता, दुसरं काही नाही. हातात कला असलेल्या माणसाला थोडा हट्ट शोभतो.

घरात मात्र हे न्हाव्याचं काम ठरलं. पडवीतून स्वयंपाकघरात यायचं तर अंघोळ करूनच. एकदा त्यानं मुठीच्या टोकाला बारीक अक्षरांत स्वतःचं नाव कोरलं. हयवदनरावांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि एवढंच विचारलं, "आपलं नाव लोकांच्या दाढीच्या फेसात घालणार आहेस काय रे?" बिंदुमाधवानं त्याच दिवशी ते नाव कानशीनं उडवलं. पुढे वडील गेले, तरी त्यानं पुन्हा कुठल्याच रेझरवर नाव घातलं नाही. वडिलांचं ऐकलं यात मुलाचं काय चुकलं, असं कुणीही म्हणेल. मी म्हणणार नाही.

कारण बिननावाची वस्तू ज्याच्या हाती पडते त्याची होते. ही प्रतापरावांच्या हाती पडली. दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटात, कमर्शियल स्ट्रीटच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. साहेबलोक जाताना टाकून गेलेल्या काठ्या, दुर्बिणी, सिगारेटच्या डब्या आणि रेझर. जुन्या रेझरच्या बाजाराचे कायदे सोन्याच्या बाजारापेक्षा अवघड. मुलामा कुठे झिजलाय, डोक्याचे दात वाकलेत का, मखमलीची पेटी मूळची आहे का, पेटीत दुकानाचा कागद आहे का, या प्रत्येक गोष्टीनं भाव वीस-पंचवीस रुपयांनी वरखाली व्हायचा. आणि सगळ्यांच्या वर एक गोष्ट होती, ती म्हणजे माल लंडनचा की इथला. इथला म्हटलं की बाकी सगळं विचारायची गरजच उरत नसे.

ही पारख प्रतापरावांसाठी बिंदुमाधव करायचा. दर रविवारी तो बस धरून दंडूत जाई, जुने रेझर नीट करी, आलेल्या मालावर बोट फिरवून हा खरा, हा खोटा एवढं सांगे. त्याचा शब्द गिऱ्हाइकांत चालायचा. येताना कधी स्वतःचा तयार रेझर आणला तर प्रतापराव त्याला पस्तीस रुपये देत आणि रेझर आत नेऊन ठेवत.

पुढे त्या रेझरचं काय होत होतं? हे बिंदुमाधवाला ठाऊक नव्हतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. बंगल्यांच्या लिलावातून प्रतापराव रिकाम्या विलायती पेट्या विकत आणत होते, आणि त्यांची फाटकी मखमल बिंदुमाधवच चिकटवून देत होता. रिकामी पेटी कुणी हौसेनं विकत घेत नाही. त्यानं कानाडोळा केला. सत्तावन्न सालानंतर सरकारनं परदेशी मालावर बंधनं आणली, विलायती रेझरचे भाव भडकले, तरी त्याचे पस्तीसचे पस्तीसच राहिले. त्याबद्दलही तो काही बोलला नाही.

चौसष्ट सालच्या एका रविवारी तो नवा रेझर रुमालात गुंडाळून दुकानात शिरला, तेव्हा आत दोन माणसं बसली होती. एक चिक्कमगळूरचा कॉफीमळेवाला, जुन्या रेझरांचा शौकीन. दुसरी कौशल्या. तिला बघून बिंदुमाधव जरा थबकला, कारण ती त्याच्याच पेठेतली होती. कोर्टात नोकरीला असलेल्या गुरुराजाची बायको. गुरुराज वर्षापूर्वी वारला. सासूनं प्रथेप्रमाणे न्हावी बोलवायची भाषा काढली तेव्हा ही बाई डोक्यावरचे केस आणि दहा वर्षांची मुलगी एवढंच घेऊन सासरहून बाहेर पडली आणि दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिली. साऱ्या बसवनगुडीत तिची चर्चा होती. तिला टायपिंग येत होतं. जुना टाइपरायटर मिळाला तर घरबसल्या काम होतं, आणि टाइपरायटरवाला एकशे ऐंशी म्हणत होता.

"या अण्णा, तुमचीच वाट बघत होतो," प्रतापराव म्हणाले. "ह्या अक्कांच्या यजमानांनी छप्पन्न साली आपल्याकडूनच घेतला होता दीडशेला. लंडनचा माल. साहेब अडीचशे द्यायला तयार आहेत, अक्कांना मी एकशे ऐंशी देतो. स्वल्प बघा आणि सांगा, म्हणजे झालं."

बिंदुमाधवानं पेटी उघडली. मखमल त्यानंच चिकटवली होती. आत त्याचा रेझर होता, आठ वर्षांनी पाहिलेला. अंगठा टेकतो तिथला मुलामा झिजून पितळ दिसत होतं. म्हणजे माणसानं तो रोज वापरला होता, रोज त्याच जागी धरला होता. बाकी सगळं जिथल्या तिथे. दात सरळ, आटे घट्ट, कुठे गंजाचा ठिपका नाही. स्वतःच्या हातची वस्तू इतकी चांगली म्हातारी झालेली त्यानं प्रथमच बघितली.

"सरी, बरोबर आहे की नाही अण्णा? लंडनचाच ना?" प्रतापरावांनी पुन्हा विचारलं.

हो म्हणायला काय लागत होतं? नुसती मान हलवली असती तर बाईला टाइपरायटर मिळाला असता, मळेवाला खूश, प्रतापराव खूश. बिंदुमाधवालाही हे सगळं दिसत होतं, तो काही दूधखुळा नव्हता. पण हातात धरलेल्या त्या रेझरला, तो माझा नाही, असं स्वतःच्या तोंडानं म्हणणं त्याला जमेना.

"हा लंडनचा नाही," तो म्हणाला. "हा माझा आहे. मी केलाय."

प्रतापराव आधी हसले. मग त्यांनी मळेवाल्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. मळेवाल्यानं कन्नडात विचारलं, पुरावा काय? बिंदुमाधवानं दुकानातल्या चार विलायती मुठी एकामागून एक त्या डोक्यात फिरवून दाखवल्या. एकही मूठ दोन वेढ्यांपलीकडे गेली नाही. मग त्यानं रुमाल सोडला आणि आपल्या नव्या रेझरची मूठ लावली. ती लोण्यासारखी आत गेली आणि शेवटाला टकदिशी बसली.

मळेवाल्यानं दोन्ही रेझर हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "काम छान आहे," तो म्हणाला. "पण इथलं आहे." एवढं बोलून तो टोपी उचलून निघून गेला.

"अण्णा, तुम्हाला वेड लागलं काय?" प्रतापरावांचा आवाज चढला. "आठ वर्षं माझ्याकडून पैसे घेतलेत. आता दंडूत माझ्या मालाला कोण हात लावेल? ते नवीन पण उचला. उद्यापासून ह्या दुकानाची पायरी चढू नका."

ते ठीक होतं. ते त्याला अपेक्षित होतं. कौशल्या मात्र अजून जागची हलली नव्हती. तिनं पेटी बंद केली आणि बिंदुमाधवाकडे सरळ बघत म्हणाली, "खरं बोललात. पण ते माझ्या पैशानं बोललात की हो."

बिंदुमाधवाला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानं नवा रेझर पुन्हा रुमालात गुंडाळला.

घरी आल्यावर त्यानं सगळं बायकोला सांगितलं. वसुमती तांदूळ निवडत होती. तिनं निवडणं थांबवलं नाही.

"आठ वर्षं गप्प बसलात, आजच काय झालं?"

"इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं."

"विचारलं नाही म्हणून गप्प बसलात, त्यातच त्या माणसाचे दीडशे गेले की," ती म्हणाली. "आणि आज बोललात त्यात त्याच्या बायकोचे गेले. दोन्ही वेळेला भरलं त्यांनीच. आता तिचे पैसे तिला देऊन या, आणि मग काय खरं-खोटं करायचं ते करा."

वसुमती शिकलेली फार नव्हती, पण हिशेब तिचा पक्का होता. पोस्टात त्यांचे चाळीस रुपये होते, तेही मुलाच्या मुंजीसाठी ठेवलेले. बिंदुमाधव दोन दिवस पडवीत नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी चिकपेटेतला एक कुलूपवाला येऊन लेथ बघून गेला. एकशे नव्वदला सौदा ठरला. हातगाडीवर लेथ चढवताना कुलूपवाल्याची नजर फळीवरच्या नव्या रेझरकडे गेली. "हा पण द्या की वर," तो म्हणाला. अडीच महिन्यांचं काम बिंदुमाधवानं वर देऊन टाकलं. घासाघीस करायची त्याची ताकदच संपली होती.

लेथच्या पैशांतले एकशे ऐंशी घेऊन तो कौशल्याच्या बिऱ्हाडी गेला. पुढच्याच खोलीत मुलगी पाटी घेऊन बसली होती. कौशल्यानं त्याला बसायला पाट दिला, पण पैशांना हात लावला नाही.

"हे कशापायी?"

"तुमच्या यजमानांना फसवलं गेलं त्याचे. मी फसवलं नाही, मला पस्तीसच मिळाले, पण मला माहीत होतं."

"कुठून आणलेत?"

"लेथ विकला."

तिनं नोटा उचलून देवाच्या फळीवर ठेवल्या, आतून पेटी आणली आणि त्याच्यापुढे सरकवली. तिनं आभार मानले नाहीत. बिंदुमाधवाला त्याचं बरंच वाटलं.

"ह्यांचा फार जीव होता त्याच्यावर," ती सांगू लागली. "रोज सकाळी दाढी झाली की स्वतः पुसून ठेवायचे, मला सुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. आल्यागेल्याला दाखवायचे. म्हणायचे, बघा, इंग्रजांचा हात बघा, आपल्या माणसाला सात जन्मात जमणार नाही."

बिंदुमाधव जमिनीकडे बघत ऐकत होता. आयुष्यात त्याच्या कामाची एवढी स्तुती कुणी केली नव्हती.

"दोन रस्ते सोडून बनलाय हे त्यांना कळलं असतं तर?" त्यानं विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

कौशल्यानं खरंच विचार केला. तिला त्याला दुखवायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं.

"तुमचा म्हणून कळलं असतं," ती म्हणाली, "तर पस्तीससुद्धा दिले नसते हो."

तो हसला. तीही थोडी हसली. मग तो पेटी काखेत मारून उठला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. मेलेल्या माणसाची वस्तू घरात वापरायची नाही, असं वसुमती म्हणेल असं त्याला वाटलं होतं. तिनं चिंच लावून तो रेझर घासला, उकळत्या पाण्यात बुडवला आणि त्याच्या हातात दिला. बिंदुमाधवानं बाजारातून एक पातं आणलं होतं. विहिरीजवळ आरसा टांगून तो उभा राहिला. वयाची चाळिशी उलटून गेली होती, तीसेक रेझर त्यानं स्वतःच्या हातानं घडवले होते, पण त्याची दाढी मागल्या दारी येणारा न्हावीच करायचा. स्वतःचा रेझर स्वतःच्या गालाला त्यानं कधी लावलाच नव्हता. पस्तीस रुपयांची चैन त्याला परवडली नसती.

त्यानं फेस लावला आणि कानापासून हनुवटीपर्यंत पहिला हात फिरवला. ओढ लागली नाही. आवाज आला नाही. अंगठा त्या झिजलेल्या जागी बरोबर बसला. डावा गाल झाला, उजवा झाला, गळ्याखालचं अवघड वळणसुद्धा एकदाही न कापता झालं. लोक कशाचे अडीचशे देत होते ते त्याला त्या दिवशी कळलं.

फेस अर्धा वाळला होता. बिंदुमाधव विहिरीच्या कठड्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. आतून वसुमतीनं दोनदा हाक मारली, पाणी तापलंय म्हणून. तो बऱ्याच वेळानं उठला.