व्याह्यांना द्यायचा नर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या आत्याचे. आमचे गाव आंबेगावच्या पूर्वेला, लोणीजवळ. दिवाळी झाली की आमची मेंढरे कोकणात उतरत आणि पावसाआधी माघारी येत. मी तिसरीत गेलो तेव्हा वडील म्हणाले, कोकरांच्या मागे माणूस पाहिजे, याला घेऊन चलतो. आत्या गावातच दिलेली. तिची मेंढरे आमच्याबरोबरच चालत. ती वडिलांना म्हणाली, "ह्याच्या वाटची कोकरं मी बघते. पोराला साळंत बसू दे." तेवढ्यावर मी गावात राहिलो. पुढची कितीतरी वर्षे माझ्या वाटची कोकरे तिने पाटीत घालून घाट उतरवली. मी बाकावर बसून शिकत होतो, ते तिच्या चालण्यावर.

मंचरला कॉलेज केले, मग पुण्यात जैवतंत्रज्ञान. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आत्याने विचारले, "ह्यात करत्यात काय?" वडिलांना तेव्हा नुकतेच इन्सुलिन सुरू झाले होते. मी तिला सांगितले की माणसाच्या अंगात इन्सुलिन बनवणारे जे जनुक असते, ते एका सूक्ष्म जंतूत घालतात. मग तो जंतू मोठ्या टाकीत वाढवला की तोच औषध तयार करतो. तिने थोडा विचार केला. "म्हंजी दुधाला इरजान लावल्यागत," ती म्हणाली. मी पुढे अनेक वर्गांत हा विषय समजावून सांगितला, पण याहून नेमके वाक्य मला सुचले नाही.

मेंढ्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. बंगालच्या उपसागराकडे मेंढीची एक बुटकी जात आहे. तिच्यात एक जनुक असते, त्यामुळे तिला बऱ्याचदा जुळी होतात. आपल्या दख्खनी मेंढीला सहसा एकच कोकरू. दोन्हींचा संकर करायचा, दर पिढीला रक्त तपासायचे आणि ते एवढे जनुक ठेवून बाकी मेंढी आपलीच राखायची, हे आमचे काम. लोक जनुक म्हटले की बिचकतात. इन्सुलिनसाठी किंवा कपाशीच्या बियाण्यासाठी जनुक कापून दुसऱ्या जिवात बसवतात. आम्ही फक्त ते वाचतो आणि कोणता नर ठेवायचा ते सांगतो. मला दोन्हींची भीती वाटत नाही. काय केले आहे आणि ते कोणाच्या उपयोगाचे आहे, हे नीट विचारावे, उत्तर पटले तर वापरावे.

आत्याचे गुडघे तोवर गेले होते. माझा हिशेब सरळ होता. जुळी देणाऱ्या थोड्या मेंढ्या असल्या तर त्या घरीच कांद्याची पात आणि मक्यावर पोसता येतील, कोकणची पायपीट सुटेल. मी तिला संस्थेचा एक नर दिला. तो अंगाने लहान होता. तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "नर आणलाय का ससा?" असे म्हणून तिने तो ठेवून घेतला.

तसाच दुसरा नर मी तिच्या व्याह्यांना दिला. ते आण्याच्या पठारावर राहतात; माझ्या आतेभावाची बायको, म्हणजे आमची वहिनी, त्यांची मुलगी. दोन वर्षांनी नराच्याच लेकी कळपात येतात, म्हणून नर बदलावा लागतो. तेव्हा दोन्ही घरांनी मी दिलेल्या नराच्या वंशातला एकेक नर एकमेकांना द्यायचा, असे मी ठरवून दिले.

पहिल्या नराच्या लेकी व्यायल्या आणि जुळी दिसू लागली. मी फोनवर आत्याला सांगितले, आता निम्मी मेंढरे वीक, या वर्षी कोकणात जाऊ नकोस. तिने एकदाही उलट विचारले नाही. मेंढरे विकली आणि जन्मात पहिल्यांदा दिवाळीनंतर घरी राहिली.

उन्हाळ्यात मी रक्ताचे नमुने घ्यायला गेलो. ठरल्याप्रमाणे व्याह्यांकडून आलेला नर दारात बांधलेला होता. उंचापुरा, मान जाड, पाहतच राहावे असा. त्याच्या रक्तात ते जनुक नव्हते. मी चाचणी पुन्हा केली. नव्हतेच.

मी परत गावी गेलो आणि आत्याला विचारले, "तू पठारावर कोणता नर पाठवलास?"

"देवाच्या मेंढ्याचा. कळपात तसा दुसरा नव्हता."

देवाला सोडलेला जुना मेंढा तिच्या कळपात होताच. तो विकायचा नाही, खच्चीही करायचा नाही. मी त्याच्याबद्दल कधी विचारलेच नव्हते.

"माझ्या नराच्या लेकींची जुळी होती ना? त्यातला का नाही दिलास?"

"ती मांजराएवढाली. त्यांच्या लेकीच्या सासरकडनं व्याह्यांना बारका नर धाडायचा व्हय? सून काय तोंड दाखवंल माहेरात?"

व्याह्यांनीही तसेच केले असणार, आपल्या जुन्या नराचे देखणे पोर पाठवले असणार, हे मला त्या क्षणी कळले. एकेकटे जन्मलेले कोकरू आईचे सगळे दूध पिते, म्हणून मोठे दिसते. हे मला पुस्तकातून पाठ होते. पाहुण्याला काय द्यायचे असते तेही मी याच घरात शिकलो होतो. दोन्ही माहीत असून मी जोडून पाहिले नव्हते. चूक माझी होती, आणि मेंढरे तिची विकली गेली होती. पावसाच्या तोंडावर मेंढ्या फळायच्या, म्हणजे गाभण राहायच्या. त्याआधी योग्य नर आला नाही तर पुढच्या पिढीतल्या बऱ्याच मेंढ्यांना पुन्हा एकेकच कोकरू, आणि एवढ्या थोड्या मेंढ्यांवर घर चालत नाही. म्हणजे पुन्हा कळप वाढवायचा, पुन्हा घाट.

"नर परत करू आणि दुसरा मागू," मी म्हणालो.

वहिनी चुलीपाशी होती. ती एवढेच म्हणाली, "पावण्यांनी दिल्यालं म्हागारी धाडायचं?"

आत्याने दारातल्या नराच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "गाडी सांग उद्या."

टेम्पोत तो देखणा नर, आत्या, वहिनी आणि मी पठारावर गेलो. व्याह्यांनी नर उतरताना पाहिला आणि पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून उभे राहिले.

"आजारी पडला का काय?"

"न्हाई पावणं, लई गुणाचा हाय," आत्या म्हणाली. "पर पोरगं म्हणतंय, त्याच्या रगतात जुळं न्हाई."

"रगतात न्हाई म्हंजी? माझ्या हातचा हाय त्यो."

"म्या धाडला त्याच्यात बी न्हाई. तुमाला शोभंल असा दिला म्या बी."

व्याही माझ्याकडे बघू लागले. मी सगळे सांगितले, माझ्या चुकीसकट. ते ओट्यावर बसले.

"म्हंजी आपुन दोगांनी येकमेकाला टोपी घातली."

"टोपी न्हाई, पावणं. फेटा बांधला," आत्या म्हणाली, आणि वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली.

मग त्यांनी आपल्या जुळ्यांतले चार नर पुढे आणले. आणताना ते लाजत होते. "हे बगा. कुनाला दाकवू नका, मी तुमाला हे दिलं म्हनून." मी चौघांच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतले. निघताना आत्या मला म्हणाली, "फोनवर सांगू नगं. कागदावर लिवून धाड. पावण्याला दाकवाय व्हईल."

मी हे पत्र पाठवले:

आत्या, पाया पडतो.

वहिनीकडून हे दोनदा वाचून घे. नंतर पठारावर व्याह्यांना दाखव.

चौघांपैकी दोघांत जुळ्याचे जनुक आहे. कानातल्या बिल्ल्यांचे नंबर मी खाली लिहिले आहेत, पण तुला सांगायचे तर असे. पांढऱ्या कपाळाच्या मेंढीचे दोन्ही नर सोडून दे, त्यांच्यात नाही. तुटक्या कानाच्या मेंढीच्या जुळ्यांतला जो धाकटा, ज्याला तू मूठभर म्हणालीस, तो आण. त्याच्यात आहे. त्याच्या मोठ्या भावातही आहे, पण तिथल्या मेंढ्या त्याच्या नात्यातल्या, म्हणून तो व्याह्यांना त्यांच्या कळपात ठेवता येणार नाही, तो मी दुसऱ्या गावाला देईन आणि त्यांना तुझ्याकडचा एक तपासून देईन.

या नराकडून निम्म्याच कोकरांत जनुक उतरेल. कोणत्या, ते मी रक्त बघून सांगेन. सांगेपर्यंत एकही विकू नकोस, बारके तर मुळीच नाही.

देवाच्या मेंढ्याला हात लावायचा नाही. फक्त मेंढ्या फळायच्या दिवसांत त्याच्या पोटाखाली गोणपाट बांध, म्हणजे त्या त्याच्याकडून फळणार नाहीत.

निम्मी मेंढरे वीक असे मी तुला न तपासता सांगितले. ती चूक माझी आहे. तुझ्या कळपाचे जे नमुने घेतले त्यांवरून सांगतो, तुझ्या तरण्या मेंढ्यांपैकी बऱ्याच जणींत जनुक आहे. नर वेळेत आला तर या दिवाळीनंतरही तू घरीच राहशील. शनिवारी टेम्पो घेऊन मी स्वतः येतो.