शेजारच्या सीटचं लायसन

किती वेळ उडलो, कुठं उतरलो, हे लिहायला पायलटच्या लॉगबुकात रकाने असतात. खाली आल्यावर पोट धरून का हसलो, त्याला रकाना नाही. मग ते सगळं बडोद्याच्या आमच्या फ्लाइंग क्लबच्या बाकड्यावर सेवउसळीच्या प्लेटांबरोबर साठत जातं. आमच्या रविवारच्या बॅचचं इतकं साठलंय की नवरा विचारतो, तू नक्की विमान शिकायला जातेस ना?

बॅच म्हणजे आम्ही तिघं हौशी. मी वैशाली, सुभानपुऱ्यात राहते, कोयलीला रिफायनरीच्या लॅबमध्ये नोकरी. जिग्नेशभाई, वासण्याला त्यांचं फरसाणाचं दुकान. आणि पवारकाका, रेल्वेतून रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर. शिकवणारी रिद्धीमॅडम वयानं आम्हा सगळ्यांत लहान, पण तिच्यापुढं तिघंही हाताची घडी घालून उभे!

काकांना पहिल्याच दिवशी मी विचारलं, या वयात हे खूळ कुठून? ते म्हणाले, "जन्मभर इंजिनात बसलो. बाहेरच्या माणसाला आत घ्यायची परवानगी नाही. बायको कायम मागच्या डब्यात. एकदा तिला शेजारी बसवायचंय."

मॅडमनं तिथंच नियम ऐकवला, शिकाऊ माणसाला पॅसेंजर नेता येत नाही. आधी मेडिकल, मग परीक्षा, चाळीस तासांचं उड्डाण, त्यातलं थोडं एकट्यानं, मग लायसन. काकांनी सगळं वहीत क्रमानं उतरवलं आणि शेवटी "सौ." असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

*

काकांचं बीपी काठावरचं, त्यामुळं मेडिकलची त्यांना भयंकर धास्ती. बीपी निभावलं. घोळ झाला रंगांच्या तपासणीत.

रेल्वेत सिग्नल दिसला की ड्रायव्हर हात वर करून रंग मोठ्यानं पुकारतो आणि शेजारचा असिस्टंट तोच रंग परत म्हणतो. डॉक्टरांनी हिरवा दिवा दाखवला. काकांनी हात उंच केला, "ग्रीन!" आणि डॉक्टरांकडं बघत थांबले. डॉक्टर पुढच्या दिव्याकडं वळले, तर काका बघायलाच तयार नाहीत. म्हणाले, "आधी तुम्ही म्हणा."

माझा नंबर त्यांच्या मागं होता. दाराबाहेर बसून मी ऐकत होते, आतून दोन बाप्ये आळीपाळीनं ओरडतायत, "रेड!" "रेड!" "ग्रीन!" "ग्रीन!" माझ्या शेजारचा एक पोरगेला उमेदवार घाबरून फाइल चाळायला लागला, की हे सिलॅबसमध्ये कधी आलं?

*

मला तरी हसायचा काय अधिकार! विमानतळाच्या टॉवरशी रेडिओवर बोलायची परीक्षा मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. प्रत्यक्ष बटण दाबलं आणि विमानाचं नाव, जागा, उंची, सगळं डोक्यातून साफ. तोंडातून निघालं, "टॉवर, मी वैशाली."

तिकडून शांतपणे उत्तर आलं, "बोलो वैशालीबेन."

मॅडमनं तोंड खिडकीकडं फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

*

आमचं विमान दोन सीटांचं, त्यामुळं उडण्याआधी वजनकाटा ठरलेला. एका रविवारी जिग्नेशभाई अर्ध्या किलोनं जास्त भरले. मॅडम म्हणाली, काहीतरी काढून ठेवा. त्यांनी बूट काढले, पट्टा काढला, फोन ठेवला, तरी काटा हलेना. शेवटी मॅडमचं लक्ष खांद्यावरच्या पिशवीकडं गेलं. आत श्रीखंडाचा डबा.

जिग्नेशभाई बाकावर बसले आणि अख्खा डबा खाऊन संपवला. मग रिकामा डबा खाली ठेवून पुन्हा ऐटीत काट्यावर चढले. "हवे बराबर ने? आता ठीक ना?"

त्या दिवशी त्यांचं उड्डाण रद्द झालं.

*

लायसन मात्र सगळ्यांत आधी त्यांनाच मिळालं. लगेच शेजारचे एक गृहस्थ पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन हजर, आमचा बंगला वरून दाखवा. मॅडम आडवी आली. हौशी पायलटला पॅसेंजरकडून मोबदला घेता येत नाही. पेढा मोबदला होतो का, यावर क्लबात तासभर खल चालला.

जिग्नेशभाईंनी तोडगा काढला. दुकानातून त्याहून मोठा फरसाणाचा बॉक्स मागवला आणि शेजाऱ्याच्या हातात कोंबला. "घ्या मॅडम, आता मोबदला मीच दिला!"

*

काकांचं घोडं अडलं ते एकट्यानं करायच्या लांबच्या उड्डाणापाशी. बडोद्याहून सुरत. वरून रूळ दिसतात, त्यामुळं रस्ता चुकायचा प्रश्नच नव्हता. पण पालेज स्टेशनच्या अलीकडं मॅडमला फोनवरच्या नकाशात दिसलं, विमान एकाच जागी गोल गोल फिरतंय. एक फेरी, दोन, पाच. मग एकदम सरळ निघालं.

परत आल्यावर तिनं विचारलं, काय झालं होतं? काका म्हणाले, "खाली मालगाडी सिग्नलला उभी होती. ती हलल्याशिवाय पुढं कसा जाणार?"

"काका, तुम्ही दोन हजार फुटांवर होतात."

काका ओशाळले. मॅडमनं ते उड्डाण पुन्हा करायला लावलं. पुढच्या मेडिकलला बीपी दगा देईल की काय, या काळजीनं काकांनी जेवणातलं लोणचं सोडलं. बिचाऱ्यांचा चेहरा बघवत नव्हता.

*

अखेर लायसन आलं! त्याच रविवारी काकी आल्या, नवी साडी, केसात गजरा. संध्याकाळ व्हायला आली होती. मॅडमनं बजावलं, सूर्य मावळायच्या आत उतरायचं हा नियम आहे, अर्ध्या तासात परत या.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. काका दिसेनात. मॅडम एकदा घड्याळाकडं बघायची, एकदा आभाळाकडं. जिग्नेशभाईंच्या हातातला चहा गार झाला. मला तर, खरं सांगते, रडू यायला लागलं. काठावरचं बीपी, आणि शेजारी काकी, ज्यांना त्या विमानातलं काही म्हणजे काही कळत नाही.

मॅडमनं रेडिओवर विचारलं, काका, कुठं आहात? उत्तर आलं, पण नुसती कुजबुज. टॉवरनं विचारलं, काही अडचण आहे का? पुन्हा कुजबुज. मॅडमचा आवाज चढला, "काका, मोठ्यानं बोला!"

काका तितक्याच हळू, पण एकेक शब्द तोडून म्हणाले, "अडचण नाही. पॅसेंजरला झोप लागलीय. अजून एक चक्कर मिळेल का?"

टॉवरवालाही कुजबुजला, "एकच."

सूर्याची नुसती कड उरली होती तेव्हा विमान उतरलं, चाकं कधी टेकली तेसुद्धा कळलं नाही. आम्ही धावतच गेलो. काका घामानं भिजलेले, ओठांवर बोट ठेवून बसलेले. मॅडमनं दार उघडलं तशा काकी दचकून जाग्या झाल्या. पदर सावरला, पायाशी चाचपून पिशवी उचलली आणि काकांना म्हणाल्या, "आलं का बडोदं?"